दोन जॉबर एकमेकांशी बोलत नाहीत, मधे कोणी बसायचं?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचा टॉवेलचा कारखाना सांभाळणाऱ्या एका तरुणाने लिहिलं आहे की दिवसपाळीचा आणि रात्रपाळीचा जॉबर (माग दुरुस्त करून चालू ठेवणारा कारागीर) तीन महिन्यांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. पाळी बदलताना कोणता माग कशामुळे बंद आहे हे एक दुसऱ्याला सांगत नाही. पान्यांच्या पेटीला दोघांनी आपापलं कुलूप लावलं आहे. विणकरांमध्येही दोन तट पडलेत. वडील म्हणतात, एकाला काढून टाक. मुलाला दोघंही हवे आहेत. त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत : दोघांना समोरासमोर बसवू का, मध्यस्थ मीच झालो तर चालेल का, आणि याला किती दिवस लागतील?

समोरासमोर बसवायचं आहे, पण आत्ता नाही.

आपल्याकडे अशा भांडणावर एक ठरलेला उपाय आहे. मालक दोघांना केबिनमध्ये बोलावतात, "इतकी वर्षं एकत्र काम करताय, लाज वाटत नाही का" म्हणून दोघांनाही सुनावतात, हात मिळवायला लावतात आणि चहा मागवतात. ही मिटवामिटवी झाली. दोघंही मान खाली घालून "होय मालक" म्हणतात, कारण त्या खोलीत दुसरं काही म्हणायची सोयच नसते. आठवड्याभरात सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. फरक इतकाच, की आता दोघांनाही कळलेलं असतं, आपलं म्हणणं ऐकून घेणारं इथे कोणी नाही.

मी २२ वर्षं कामगार अधिकारी म्हणून काम केलं. आधी सूतगिरणीत होते, नंतर एका मोठ्या टॉवेल कारखान्यात. आता कारखानदार किंवा कामगार, जो बोलावेल त्याच्याकडे मधे बसायला जाते. सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा मिटवामिटवीच करत होते. दिवाळीच्या बोनसच्या आठवड्यात घडी विभागातल्या दोन बायकांचं भांडण मी तासाभरात संपवलं होतं, आणि त्याचा मला अभिमानही वाटला होता. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपायच्या आत त्यातली एक काम सोडून गेली. १४ वर्षांची नोकरी होती तिची. पुढे मंगळवार बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, काय झालं ते तुम्ही मला विचारलंच नाही. तुम्ही फक्त गप बस म्हणालात." ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. त्यानंतर मी दोन माणसांना वेगवेगळं ऐकल्याशिवाय एकत्र बसवलेलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मध्यस्थ तुम्ही होऊ नका. तुमचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण या दोघांचा पगार तुम्ही काढता आणि पोरीच्या लग्नाला उचलही तुम्हीच देता. तुमच्यासमोर जॉबर बोलेल तो अर्ज केल्यासारखा बोलेल. "मीही चुकलो" हे वाक्य पगार देणाऱ्यासमोर तोंडातून निघत नाही, आणि ते निघाल्याशिवाय पुढचं काही होत नाही. शिवाय तुम्हाला माग चालू हवे आहेत. त्यात वावगं काही नाही, पण तुम्हाला घाई आहे, आणि मधे बसणाऱ्याला घाई असून चालत नाही.

मालक म्हणून तुम्ही काय करायचं, तर दोघांना प्रत्यक्ष भेटून शब्द द्यायचा : खोलीत जे बोललं जाईल ते माझ्यापर्यंत येणार नाही, आणि त्यावरून कुणाची नोकरी किंवा पैसा जाणार नाही. बैठकीचा वेळ कामाचा वेळ धरायचा, खाडा लावायचा नाही. आणि वडिलांना सांगायचं, काढून टाकण्याची भाषा तूर्त बंद. एकाला काढलं तर भांडण संपल्यासारखं दिसेल, पण उरलेला जॉबर आणि सगळे विणकर त्यातून एकच धडा घेतील : इथे जो जास्त ताणून धरतो तो टिकतो. काढलेला माणूस न्यायालयात गेला तर ती वर्षं वेगळीच.

मग कोणाला बसवायचं? दुसऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेला, दोघांनाही मान्य असलेला जॉबर चालतो. निवृत्त शिक्षक, बँकेतले जुने अधिकारी, कामगारांमध्ये काम केलेली एखादी बाईसुद्धा चालते. माझी कसोटी साधी आहे : त्या माणसाचं या दोघांपैकी कोणाशी नातं नको, देणंघेणं नको, आणि पोटात गोष्ट ठेवण्याबद्दल त्याचं नाव असावं. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत, वडीलधाऱ्यांना पंच म्हणून बोलावण्याची पद्धत आहे. घरातली, भावाभावांतली भांडणं ते उत्तम सोडवतात, मी पाहिलंय. पण पंच निवाडा देतात. कोण चुकलं ते सांगतात. कारखान्यात निवाड्यानंतर एक जिंकलेला आणि एक हरलेला असे दोन जॉबर तुमच्याकडे उरतील, आणि पाळी तर त्याच दोघांनी एकमेकांकडून घ्यायची आहे.

इथे शब्दांचा घोळ होतो म्हणून सांगते. लवादात तिसरा माणूस ठरवतो. अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा १९१८ चा संप लवादावर सुटला. कामगार ३५ टक्के मागत होते, मालक २० च्या पुढे सरकत नव्हते, आणि आकडा शेवटी तिसऱ्याने ठरवला. भांडण आकड्याचं असेल तर तो मार्ग चांगला. समेट म्हणजे सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर व्यवस्थापन आणि कामगार यांची बोलणी, त्याची जागा कामगार आयुक्त कार्यालयात. मध्यस्थीत मधला माणूस काहीच ठरवत नाही. तो दोघांना ठरवता येईल अशी जागा तयार करतो. संसदेने २०२३ साली मध्यस्थी कायदा केला, त्यातही मध्यस्थाने निर्णय लादायचा नाही आणि बोलणं गुप्त ठेवायचं, हेच धरलं आहे. तुमच्या दोन जॉबरांमध्ये आकडा नाही. तिथे निवाड्याचा उपयोग होणार नाही.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते कळावं म्हणून एक प्रकरण जरा सविस्तर सांगते. कारखान्याचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चेकिंग विभागाच्या सुपरवायझर बाई आणि जॉबर. चार महिने अबोला. तक्रार दोन्हीकडून ठरलेली. बाई म्हणायच्या, तो बायकांना किंमत देत नाही, येतो आणि ओरडतो. तो म्हणायचा, बाईंना मागातलं काही कळत नाही आणि मालकाकडे चुगली करतात. मालकांचा समज असा की हा स्वभावाचा प्रश्न आहे.

मी आधी जॉबरला भेटले. रविवारी, सगळे माग बंद असताना, पॅकिंगच्या वरच्या रिकाम्या खोलीत. मुद्दाम सारख्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या होत्या, मधे टेबल नाही. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि बोलायला लागला, आणि मी दचकले. खोलीत आम्ही दोघंच, सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि हा माणूस खाली रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत होता. रागाने नव्हे. मुलाच्या शाळेबद्दलही तो तसाच बोलला. २५ वर्षं मागाच्या खडखडाटात गेलेली. तिथे "पाणी दे" हेसुद्धा ओरडूनच सांगावं लागतं. कानही अधू झाले असणार. आणि चेकिंगची खोली? ती शेडपासून लांब, शांत. तिथे आठ मुली टेबलावर टॉवेल पसरून दोष बघत बसलेल्या. हा शेडमधून थेट तिथे यायचा आणि शेडमधल्याच आवाजात बाईंशी बोलायचा. बाईंना वाटायचं, आपल्या हाताखालच्या आठ मुलींसमोर हा रोज आपला पाणउतारा करतो.

हे चार महिन्यांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्याच्याशी शांत खोलीत कोणी बोललंच नव्हतं.

सगळं भांडण एवढ्यावर नव्हतं, हेही खरं. मी दोघांनाही एकच गोष्ट विचारली : "गेल्या महिन्यातला एक दिवस मला सांगा. सकाळी आल्यापासून." हा प्रश्न तुमच्या मध्यस्थालाही सांगून ठेवा. "तुमचं काय म्हणणं आहे" असं विचारलं की माणूस मत सांगतो : तो माजलाय, ती खडूस आहे. मतावर पुढे काही करता येत नाही. दिवस सांगायला लागला की वस्तू येतात, वेळा येतात, जागा येतात. बाईंच्या दिवसात एक वही आली. दोष निघालेल्या टॉवेलांची नोंद त्या वहीत करायच्या आणि पुढे "जॉबर चूक" असं लिहून संध्याकाळी वही वर केबिनमध्ये पाठवायच्या. जॉबरच्या दिवसातही तीच वही आली, पण दुसऱ्या टोकाने. सकाळी मालक बोलावून विचारायचे, काल माग सतराचे इतके पीस का गेले? आणि त्याने ते पीस पाहिलेलेच नसायचे. किनार ढिली होती, लूप सुटले होते की ताणा (उभा धागा) तुटला होता, हे त्याला कळायचं नाही, कारण तोवर माल खाली सेकंड्समध्ये, म्हणजे दोषाच्या मालात, गेलेला असायचा. दोष बीमचा (ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळाचा) असू शकतो, सुताचा असू शकतो, विणकराच्या दुर्लक्षाचा असू शकतो. वहीत मात्र एकच शब्द. एक दिवस त्याने बाईंच्या टेबलावरचा टॉवेल उचलून फेकला आणि म्हणाला, "तुम्हाला मागातलं काय कळतंय?" अबोला तिथून.

ते सांगताना त्याचं मराठी मधेच थांबलं आणि तो तेलुगूत गेला. मला तेलुगू समजतं, बोलता फार येत नाही. मी त्याला थांबवलं नाही. आपल्या गावात हे ध्यानात ठेवावं लागतं. पूर्व भागातला माणूस कामाचं मराठीत चोख बोलतो, पण मनाला लागलेलं सांगताना घरची भाषा येते. अक्कलकोटकडचा असेल तर कानडी येते. मधे बसणाऱ्याला ती भाषा निदान कळावी, नाहीतर नेमकं तेवढंच निसटतं.

दोघांना एकत्र बसवलं तेव्हा पहिली दहा मिनिटं मी आवाजाबद्दलच बोलले, त्याची परवानगी आधी घेऊन. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, मुद्दाम." पुढचं त्या दोघांनीच ठरवलं. दोषाचे पीस एका क्रेटमध्ये ठेवायचे, पाळी सुटायच्या आधी दहा मिनिटं दोघांनी मिळून बघायचे, मग नोंद. नोंदीत माणूस लिहायचा नाही, दोष लिहायचा : "माग १७, किनार ढिली." खाली दोघांच्या सह्या. आवाज चढला तर बाईंनी तळहात खाली करून खूण करायची. ही खूण त्यानेच सुचवली, शेडमध्ये ते खुणांनीच बोलतात.

माफीचा विषय आला तेव्हा तो म्हणाला, इथेच मागतो. मी विचारलं, टॉवेल कुठे फेकला होता? तो थोडा वेळ गप्प बसला. सोमवारी सकाळी तो चेकिंगच्या खोलीत गेला आणि त्या आठ मुलींसमोर म्हणाला, "त्या दिवशी मी टॉवेल फेकला, ते चुकलं." बाई म्हणाल्या, "वही मी तुम्हाला न दाखवता पाठवायला नको होती." हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. अपमान चारचौघांत झालेला असेल तर बंद खोलीतली माफी पुरत नाही. पण ती मागायला कोणाला भागही पाडू नका. जबरदस्तीची माफी ऐकणाऱ्यालाही नको असते.

आता तुमच्या दोन जॉबरांकडे येते. मी त्यांना भेटलेले नाही, तेव्हा त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. पण मध्यस्थ बोलावण्याआधी तुमच्याच कारखान्यातल्या दोन गोष्टी तपासून ठेवा.

तुमच्याकडे जॉबरला उत्पादनावर काही इन्सेंटिव्ह मिळतो का, आणि तो पाळीवार मोजता का? मोजत असाल तर पाळी संपायला अर्धा तास उरला असताना बंद पडलेला माग दुरुस्त करण्यात त्या जॉबरचा काहीच फायदा नाही. तो अर्धा तास तो चालू मागांवर घालवेल, आणि पुढच्या पाळीला बंद माग मिळेल. समोरचाही तेच करेल. मग दोघंही म्हणतील, तो मुद्दाम करतो. दोघंही खरं बोलत असतील, आणि दोघांनाही तसं करायला तुमचा हिशोब भाग पाडत असेल. हिशोब चोवीस तासांचा मिळून केलात, तर भांडणातला अर्धा जीव बैठकीआधीच जाईल.

दुसरं, स्टोअरची किल्ली. बऱ्याच ठिकाणी स्टोअरकीपर संध्याकाळी घरी जातो आणि रात्रपाळीच्या जॉबरला साधा बोल्टही मिळत नाही. मग तो बंद मागाचा भाग काढून दुसऱ्याला लावतो. सकाळी दिवसपाळीचा येऊन बघतो तर माग उघडाबोडका. पेटीला दोन कुलपं लागण्याचं कारण मला तरी असंच काहीतरी वाटतं. रात्रीसाठी ठरावीक सुटे भाग वेगळ्या कपाटात ठेवून त्याची नोंदवही ठेवणं हा फार खर्चाचा उपाय नाही.

मालकाच्या हातातल्या या गोष्टी न बदलता माणसांना "समजुतीने घ्या" सांगणं मला पटत नाही. तो अन्याय आहे.

बैठकीची वेळ निवडताना पगाराचा दिवस टाळा, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी बसवू नका, आणि आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी तर नकोच. ४२ अंशांत पत्र्याच्या शेडमधून आलेला माणूस बोलायच्या मनःस्थितीत नसतो. एकेकट्याची भेट पाऊण तासाची धरा, एकत्र बैठक दीड तासाची. युनियनचा माणूस बरोबर हवा असं कोणी म्हणाला तर येऊ द्या. त्याच्यामुळे कामगाराला धीर येतो. एवढंच आधी ठरवून घ्या, की बोलायचं ज्याचं त्याने.

ठरेल ते कागदावर हवं, अर्ध्या पानात, साध्या मराठीत, आणि सही करण्याआधी मोठ्याने वाचून, लागेल तर तेलुगूत सांगून. "यापुढे सलोख्याने वागू" असलं काही लिहू नका. कोण, केव्हा, कुठे, काय करणार ते लिहा : पाळी बदलताना पाच मिनिटं दोघं मिळून सगळ्या मागांवरून फिरतील, बंद मागाचं कारण फळ्यावर खडूने लिहितील. तुमच्याकडे तो कागद पोचेल तेव्हा त्यात एवढंच असेल. आत काय बोललं गेलं ते नसेल, आणि तुम्हीही विचारायचं नाही.

काही गोष्टींत मध्यस्थी करायचीच नाही, हे ठणकावून सांगते, कारण "आपापसात मिटवा" या नावाखाली आपल्याकडे बरंच दडपलं जातं. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई हे हक्क आहेत, त्यात तडजोड नाही. मारहाण किंवा जातीवरून अपमान झाला असेल तर तो कायद्याचा विषय, चहाच्या कपाचा नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीत २०१३ चा कायदा स्पष्ट आहे : १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. समेटाचा प्रयत्न चौकशीआधी आणि फक्त त्या बाईनेच मागितला तर करता येतो, आणि पैसे हा त्या समेटाचा आधार असू शकत नाही. एकत्र बसायला बाई तयार नसेल तर तिला समजवायला कोणी जायचं नाही, अगदी चांगल्या मनानेसुद्धा. तुमच्या दोन जॉबरांच्या वेगवेगळ्या भेटींत यातलं काही निघालं, तर मध्यस्थाने तिथेच थांबून योग्य जागी जायला सांगायचं.

आणखी एक. दोन्ही पाळ्या आणि पॅकिंग धरून तुमच्याकडे २० कामगार सहज होत असतील. तेवढे असतील तर तक्रार निवारण समिती कायद्याने लागते. ती जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मालक आणि कामगार यांचे समान सदस्य, आणि बायकांनाही जागा. बहुतेक कारखान्यांत ती नुसती कागदावर असते. तुमच्याकडे ती खरोखर बसत असती, तर तीन महिने अबोला चालला नसता, पहिल्याच आठवड्यात कोणीतरी किल्लीचा विषय काढला असता.

राहिला तिसरा प्रश्न. दोन महिने धरा. पहिल्या आठवड्यात दोघांची संमती घेणं आणि वेगवेगळ्या भेटी. त्यात एकाने नको म्हटलं तर थांबा, आठवड्याने पुन्हा विचारा, दबाव टाकू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी एकत्र बैठक. मग १५ दिवसांनी मध्यस्थाने पुन्हा येऊन दोघांना विचारायचं, फळ्यावर लिहिणं चालू आहे का, कुठे अडतंय. पहिल्या १५ दिवसांत एकदा तरी बिनसतं. त्याला घाबरू नका आणि वडिलांनाही घाबरू देऊ नका. आणखी महिनाभराने शेवटची भेट.

या सगळ्या काळात पान्यांच्या पेटीकडे लक्ष ठेवा. दोनातलं एक कुलूप निघायला हवं, पण काढा म्हणून सांगू नका. ज्या दिवशी ते दिसणार नाही, त्या दिवशी कोणी काढलं म्हणून विचारूही नका. पेटीसमोरून नेहमीसारखे पुढे जा.